हृदयविकार आणि संप्रेरकांचे ग्राही

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या आरोग्यविषयक व्याख्यानासाठी कार्यकारिणीने आम्हांस ‘हृदयविकार’ हा विषय नेमून दिला. तेव्हा काय खावे, किती चालावे आणि तूप सोडावे की नाही, एवढेच आम्ही सांगावे अशी पुष्कळांची अपेक्षा दिसली. त्या गोष्टी महत्त्वाच्या नाहीत असे नव्हे. परंतु त्या आपण सर्वांनी अनेक वेळा ऐकल्या आहेत, आणि ऐकूनही तूप कोणी सोडल्याचे आमच्या पाहण्यात नाही. म्हणून आज आम्ही निराळ्या वाटेने जाणार आहोत. वाट किंचित आडवळणाची आहे. पण ती शेवटी आपल्याच घरातील फडताळापाशी येऊन पोहोचते.

आपल्या ज्ञातीत पन्नाशी ओलांडलेले ज्या घरात कोणी आहे, त्या घराच्या फडताळात गोळ्यांचा एक डबा हमखास सापडतो. त्यातील गोळ्यांच्या नावांकडे पाहावे. कोणाच्या शेवटी ‘लोल’, कोणाच्या शेवटी ‘सार्टान’, तर एखादीचे नाव ‘स्पायरोनोलॅक्टोन’ असे लांबलचक. या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून सुरू होतात आणि बहुधा स्वतःच्या मनाने बंद होतात. रक्तदाब मोजला, तो बरोबर आला, की “आता कशाला घ्यावयाची?” असा विचार घरात सुरू होतो. ताप आला, औषध घेतले, ताप गेला, औषध थांबविले, ही आपली औषधाची परंपरागत कल्पना. ती तापाच्या बाबतीत ठीक आहे. परंतु या गोळ्यांचे काम शरीरात शिरलेला शत्रू हाकलून देण्याचे नाही. त्या शरीराच्याच एका दारावर पहाऱ्याला बसलेल्या असतात. ते दार म्हणजेच ‘ग्राही’ आणि त्या दारावर थाप मारणारा निरोप्या म्हणजे ‘संप्रेरक’.

आपल्या देहात काही ग्रंथी अशा आहेत की, त्या आपला रस नळीवाटे बाहेर न टाकता थेट रक्तात सोडतात. तो रस रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरतो आणि दूरच्या एखाद्या अवयवाला कामास लावतो. अशा पदार्थांना लंडन येथील शरीरशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ साली ‘हार्मोन’ असे नाव दिले. मराठीत आपण त्यास संप्रेरक म्हणतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतील ॲड्रेनॅलिन हे त्यांपैकी सर्वांच्या परिचयाचे. १८९४ साली ऑलिव्हर आणि शेफर यांनी या ग्रंथीचा अर्क प्राण्यांना टोचून रक्तदाब किती झपाट्याने चढतो ते दाखविले, आणि १९०१ साली जपानी रसायनज्ञ ताकामिने यांनी अमेरिकेत त्यातील मूळ द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले.

आता येथे एक कोडे उभे राहिले. रक्त तर सर्वत्र तेच. त्यातील ॲड्रेनॅलिनही तेच. मग तेच द्रव्य त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळते, स्नायूंच्या रक्तवाहिन्या सैल करते, हृदयाला धावावयास लावते आणि श्वासनलिकांना मात्र मोकळे करते, हे कसे? पूर्वी खेड्यात दवंडी पिटली जाई तेव्हा तिचा आवाज साऱ्या गावाच्या कानी पडे. पण पाटबंधाऱ्याचे पाणी सुटल्याची दवंडी ऐकून शेतकरी फावडे घेऊन निघे, परटीण घाटावरचे कपडे आवरी आणि वाणी आपल्या जागेवरून हलतही नसे. फरक दवंडीत नव्हता, ऐकणाऱ्यात होता. केंब्रिजचे लँग्ली यांनी १९०५ साली हाच तर्क केला. मज्जातंतू तोडून टाकला तरी निकोटीनने स्नायू आखडतो आणि कुरारी नावाच्या विषाने ते आखडणे थांबते. तेव्हा स्नायूच्या ठायीच निरोप घेणारे काही द्रव्य असले पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. ते द्रव्य म्हणजे ग्राही. त्या काळी ते कोणी पाहिले नव्हते, पुढे कित्येक वर्षे पाहता येण्याजोगेही नव्हते, म्हणून पुष्कळांना ती नुसती कल्पनाच वाटे.

१९४८ साली अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानाच्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करणारे रेमंड अल्क्विस्ट यांनी असे मांडले की, ॲड्रेनॅलिनच्या ग्राहींच्या दोन जाती असाव्यात. एकीस त्यांनी आल्फा आणि दुसरीस बीटा म्हटले. रक्तवाहिन्या आवळतात त्या मुख्यतः आल्फा ग्राहींमुळे. हृदय जोराने व जलद चालते ते बीटा ग्राहींमुळे. त्यांचा निबंध औषधविज्ञानाच्या एका नामांकित नियतकालिकाने परत पाठविला आणि तो शरीरशास्त्राच्या दुसऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढील दहा वर्षे तो कोणी फारसा वाचलाही नाही.

याच सुमारास आपल्या मुंबईत जे घडले ते येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग रक्तदाबाच्या रोग्यांवर करून त्याचा वृत्तान्त १९४९ साली इंग्लंडमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष आपल्या या रानमुळीकडे वळले. १९५२ साली तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले व १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. सर्पगंधा काम करते ती मात्र दारावर नव्हे. ती मज्जातंतूंच्या टोकाशी साठविलेला निरोपांचा साठाच रिकामा करते. त्यामुळे रक्तदाब उतरतो खरा, पण मेंदूतील साठाही रिकामा होत असल्याने काही रोग्यांस खोल औदासीन्य येई. निरोप्याचीच झोळी हिसकावली तर गावातली सगळीच कामे अडतात. एकच दार लावून घेता आले तर उत्तम, हे त्या अनुभवाने ध्यानी आले.

ते दार लावणारा माणूस म्हणजे स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या अरुंद झाल्या की चालताना छातीत कळ येते. त्या काळचे सारे वैद्य हृदयाला अधिक रक्त कसे पोहोचेल याचा विचार करीत. ब्लॅक यांनी प्रश्न उलटा केला: हृदयाची मागणीच कमी करता आली तर? दुकानात धान्य कमी असेल तर पाहुण्यांची संख्या कमी करावी, असा हा साधा व्यवहार. अल्क्विस्ट यांचा विस्मृत निबंध त्यांनी वाचला होता. १९५८ साली ते इंग्लंडमधील आयसीआय कंपनीत दाखल झाले आणि बीटा ग्राहीत नेमके बसेल पण त्यास जागे करणार नाही असे द्रव्य शोधू लागले. कुलपात अशी किल्ली घालून ठेवावी की जी फिरत नाही आणि दुसरीलाही शिरू देत नाही. पहिले द्रव्य उंदरांत गाठी उत्पन्न करते असे दिसल्यावर ते सोडून देण्यात आले. १९६४ च्या सुमारास त्याचा वारस प्रोप्रॅनोलॉल पुढे आला. फडताळातील ‘लोल’ घराण्याचा हा मूळ पुरुष. १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

येथवरची कथा सरळ आहे. पुढचा भाग अधिक विस्मयकारक आहे आणि तो आम्ही जरा सावकाशीने सांगणार आहोत.

हृदय दुर्बळ होते, त्याचा स्नायू थकतो, पायांवर सूज येते, उताणे निजले की दम लागतो. या अवस्थेला इंग्रजीत ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात. हृदय बंद पडणे असा त्याचा अर्थ नव्हे. ते चालू असते, पण पुरे पडत नाही. अशा वेळी शरीर काय करते? आपल्या देहाला रक्ताभिसरण मंदावण्याचे एकच मोठे कारण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: जखम होऊन रक्त वाहून जाणे किंवा उन्हातान्हात पाण्यावाचून राहणे. त्यावर त्याने उत्तम योजना करून ठेविली आहे. हृदयाला चाबूक मारावयाचा, रक्तवाहिन्या आवळावयाच्या आणि मीठ व पाणी मूत्रावाटे जाऊ द्यावयाचे नाही. रणांगणावरच्या जखमी शिपायाला ही योजना चार प्रहर जगविते. परंतु दुर्बळ हृदयाच्या रोग्याचे रक्त कोठेही वाहून गेलेले नसते. शरीर मात्र संकट जुनेच समजून तीच दवंडी पिटीत राहते, आज, उद्या, वर्षानुवर्षे. थकलेल्या बैलाला चढावर पराणी टोचीत राहावे तसा हा प्रकार.

हृदय बिचारे यावर आपल्या परीने उपाय करते. १९८२ साली अमेरिकेतील ब्रिस्टो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, अशा थकलेल्या मानवी हृदयातील बीटा ग्राहींची संख्या निम्म्याच्या आसपास उतरलेली असते. म्हणजे हृदय आपले कान स्वतःच झाकून घेत असते! वैद्यकाने मात्र कित्येक वर्षे नेमके उलट केले. हृदय दुर्बळ आहे ना, मग त्याला चेतवा, असे म्हणून बीटा ग्राही जागविणारी औषधे देऊन पाहिली. रोग्याला काही दिवस हुशारी वाटे. पण अशाच एका औषधाची गंभीर रोग्यांवर चाचणी घेतली असता, १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, शंभर दिवसांत औषध घेणाऱ्यांपैकी ९.१ टक्के दगावले, तर न घेणाऱ्यांपैकी ३.७ टक्के.

उलट स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील फिन वागस्टाइन यांनी १९७५ सालीच सात रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला होता. अशक्त हृदयाच्या त्या रोग्यांना त्यांनी चक्क हृदय मंद करणारी ‘लोल’ जातीची औषधे दिली होती आणि त्यांची प्रकृती सुधारली होती. पाठ्यपुस्तके म्हणत होती की, अशा रोग्यास हे औषध कदापि देऊ नये. सात माणसांच्या साक्षीवर जगाचा विश्वास कोण ठेवणार? जवळजवळ पंचवीस वर्षे वाद चालला. अखेर १९९९ साली युरोपात २,६४७ रोग्यांवर बिसोप्रोलॉलची जी मोठी चाचणी झाली, तीत नुसत्या पिठाच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १७.३ टक्के मृत्यू पावले, तर औषध घेणाऱ्यांपैकी ११.८ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. पूर्वी जे औषध वर्ज्य मानले जाई ते आज अशा रोग्यांस आवर्जून दिले जाते.

या कथेतील व्यवहाराचा भाग असा. हे औषध अगदी कणाएवढ्या मात्रेने सुरू करून आठवड्यांमागून आठवडे वाढवीत न्यावे लागते. पहिल्या काही आठवड्यांत रोग्यास बरे वाटण्याऐवजी थकवा अधिक वाटण्याचा संभव असतो. चाबकाची सवय झालेल्या हृदयाला चाबूक थांबल्यावर क्षणभर सुचेनासे होते म्हणा ना. नेमके याच टप्प्यावर आपली मंडळी गोळी टाकून देतात आणि “त्या डॉक्टरांचे औषध मानवले नाही” असे शेजारी सांगतात. सूज वाढली, दम वाढला, तर डॉक्टरांकडे अवश्य जावे, मात्रा कमी करावी लागेल. पण निर्णय त्यांच्याशी बोलून व्हावा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. दार दीर्घकाळ बंद राहिले तर शरीर नवी दारे उघडते, म्हणजे ग्राहींची संख्या वाढविते. अशा वेळी गोळी एकाएकी बंद केली तर तोच निरोप अधिक कानांवर पडतो. नाडी धावू लागते, छातीत कळ येते, प्रसंगी हृदयाचा झटकाही येतो. १९७५ च्या सुमारास प्रोप्रॅनोलॉल अचानक थांबविलेल्या रोग्यांत हे दिसून आले. यात्रेला जाताना गोळ्यांचा डबा घरी राहिला, चार दिवस गेले, काय होते, असे म्हणणारांनी हे ध्यानात घ्यावे.

आता दुसऱ्या दाराकडे वळू. १८९८ साली स्टॉकहोम येथे टिगरस्टेट व बेर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडात रक्तदाब चढविणारे रेनिन नावाचे द्रव्य असल्याचे दाखविले. लोक ते विसरले. १९३४ साली क्लीव्हलँडचे गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या रोहिणीवर चिमटा लावून रक्तदाबाचा विकार उत्पन्न केला, तेव्हा ते पुन्हा आठवले. रेनिन स्वतः काही करीत नाही. ते रक्तातील एका मोठ्या प्रथिनाचा तुकडा तोडते आणि तो तुकडा पुढे आणखी छाटला गेला की एक प्रखर संप्रेरक तयार होते. हे १९४० च्या सुमारास अमेरिकेत पेज यांनी आणि अर्जेंटिनात ब्राउन-मेनेंदेस यांनी स्वतंत्रपणे शोधले. एकाने त्याचे नाव अँजिओटोनिन ठेविले, दुसऱ्याने हायपरटेन्सिन. वर्षानुवर्षे दोन नावे चालली. शेवटी १९५८ साली दोघांनी समेट करून निम्मे नाव एकाचे व निम्मे दुसऱ्याचे घेतले आणि ‘अँजिओटेन्सिन’ हा शब्द बनविला. आपल्या ज्ञातीतील काही जुने वाद याच रीतीने मिटते तर बरे झाले असते, असो.

ब्राझिलमधील एका घोणसजातीय विषारी सर्पाच्या, जराराकाच्या, विषातून मिळालेल्या सूत्रावरून अँजिओटेन्सिन तयारच होऊ न देणारे कॅप्टोप्रिल हे औषध निघाले व १९८१ साली अमेरिकेत मान्य झाले. १९९५ साली त्या संप्रेरकाच्या दारावरच बसणारे लोसार्टान आले. ‘सार्टान’ घराण्याचा आरंभ हा असा. ही दारे रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, हृदयात आणि मूत्रपिंडांत सर्वत्र आहेत. त्यांवर सतत थाप पडत राहिली तर रक्तदाब तर चढतोच, पण वाहिन्यांच्या भिंतीही जाड व ताठर होत जातात. म्हणून ‘सार्टान’ घेणाऱ्याचा रक्तदाब बरोबर येतो तो गोळी चालू असल्यामुळे. बरोबर आला म्हणून गोळी बंद करणे म्हणजे पाऊस अंगावर येत नाही म्हणून छत्री मिटणे होय.

अँजिओटेन्सिनचा एक निरोप अधिवृक्क ग्रंथींकडेही जातो आणि तेथून आल्डोस्टेरोन हे संप्रेरक बाहेर पडते. १९५३ साली लंडनच्या सिल्व्हिया सिम्पसन व जेम्स टेट यांनी स्विस शास्त्रज्ञांच्या साहाय्याने ते शुद्ध स्वरूपात मिळविले. हे संप्रेरक मूत्रपिंडाला सांगते: मीठ ठेवून घे, पोटॅशियम जाऊ दे. याचा ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर नसून आत असतो. आणि येथे निसर्गाने एक चमत्कारिक अडचण करून ठेविली आहे. कॉर्टिसोल नावाचे दुसरे एक संप्रेरक रक्तात आल्डोस्टेरोनच्या शेकडो पटींनी अधिक असते आणि ते याच ग्राहीत तितक्याच सहजतेने बसते! मग मूत्रपिंड दिवसरात्र मीठच का साठवीत नाही? कारण त्या पेशींत एक विकर दारवानासारखे उभे असते. ते कॉर्टिसोलचे रूप पालटून त्यास निरुपद्रवी करते. हा उलगडा १९८८ साली झाला.

या दारवानाला झोप आणणारी वस्तू आपल्या घराघरात आहे. ती म्हणजे ज्येष्ठमध. १९४६ साली नेदरलँड्समधील रेव्हर्स या डॉक्टरांनी पोटातील व्रणांसाठी ज्येष्ठमधाचा अर्क दिला, तेव्हा व्रणांस गुण आला, पण काही रोग्यांच्या अंगावर सूज चढली. आज आपण जाणतो की, ज्येष्ठमधातील द्रव्य त्या विकराला रोखते. मग कॉर्टिसोल आल्डोस्टेरोनचे सोंग घेऊन आत शिरते, मीठ साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके चुकू लागतात. खोकल्याला चार दिवस ज्येष्ठमधाची कांडी चघळण्यास आम्ही विरोध करीत नाही, आमच्या आजीनेही ती आम्हांस दिली आहे. परंतु आवाज गोड राहावा म्हणून किंवा आम्लपित्तासाठी महिनोन्‌महिने रोज ज्येष्ठमधाचे चूर्ण घेणाऱ्या रक्तदाबाच्या रोग्याने ते आपल्या डॉक्टरांस सांगितले पाहिजे. “ते औषध कुठे, ते तर घरगुती,” असे म्हणून चालणार नाही.

हृदयाच्या स्नायुपेशींत हा दारवान जवळजवळ नसतोच. तेथील हाच ग्राही अवेळी जागा झाला की, हृदयात तंतू माजतात आणि ते ताठ होते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृदय अत्यंत दुर्बळ झालेल्या १,६६३ रोग्यांपैकी निम्म्यांस नेहमीच्या औषधांच्या जोडीला स्पायरोनोलॅक्टोनची लहानशी मात्रा दिली. सरासरी दोन वर्षांत पिठाची गोळी घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के मृत्यू पावले, औषध घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के. औषध जुने व स्वस्त. पण त्याची किल्ली थोडी सैल असल्याने ती पुरुष-संप्रेरकाच्या दारातही शिरते आणि त्या चाचणीत दर दहा पुरुषांत सुमारे एकास छातीला सूज वा दुखरेपणा आला. संकोचाने पुरुष हे सांगत नाहीत व गोळीच बंद करतात. सांगितल्यास हा दोष नसलेली दुसरी गोळी मिळू शकते.

पण याच यशाची दुसरी बाजूही आहे. चाचणीतील रोग्यांचे रक्त वेळोवेळी तपासले जाई. बाहेर तेवढी दक्षता राहिली नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात रक्तातील पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या अशा रोग्यांचे प्रमाण १९९४ साली हजारी २.४ होते, ते २००१ साली हजारी ११ झाले. ‘सार्टान’ आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही पोटॅशियम शरीरात राखून ठेवतात. म्हणून या गोळ्या घेणाऱ्याने बाजारात ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणारे मीठ विचारल्याशिवाय वापरू नये, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते. शहाळ्याच्या पाण्याचीही तीच गोष्ट. जुलाब-वांत्या सुरू झाल्या, किंवा हरतालिकेचा निर्जळी उपवास धरला, तर शरीरातील पाणी उतरते आणि याच गोळ्या मूत्रपिंडास जड जाऊ शकतात. अशा दिवशी काय करावे ते आधीच विचारून ठेवावे. याउलट साध्या एकादशीला “उपवासाला गोळी चालते का?” म्हणून ती चुकविणे याला आमच्या मते शास्त्राचा काहीही आधार नाही, कोणत्याही शास्त्राचा.

मिठाविषयी एक गोष्ट. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या अरण्यात यानोमामी नावाचे लोक राहतात. त्यांच्या आहारात मीठ जवळजवळ नाही. त्यामुळे त्यांच्या शरीरात आल्डोस्टेरोन भरपूर आढळते. तरीही १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांचा सरासरी रक्तदाब ९६ वर ६१ एवढाच होता. म्हणजे हे संप्रेरक एकटे फारसे बिघडवीत नाही; संप्रेरक आणि मीठ दोन्ही एकत्र आली की बिघडते. लोणचे, पापड, सांडगे, सुके मासे ही आपली मिठाची कोठारे. गोळी घेतो म्हणून लोणच्याला मोकळीक, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

भगिनीवर्गाच्या वतीने एक प्रश्न आम्हांस आधीच लेखी आला आहे: पाळी गेल्यानंतर स्त्री-संप्रेरकाच्या गोळ्या घेतल्यास हृदयविकार टळतो काय? पाळी असेपर्यंत स्त्रियांत हृदयविकार कमी दिसतो, स्त्री-संप्रेरकाचे ग्राही रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही आहेत, आणि या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार कमी आढळला होता. तेव्हा निष्कर्ष उघड वाटत होता. पण अमेरिकेत ५० ते ७९ वर्षे वयाच्या १६,६०८ स्त्रियांवर प्रत्यक्ष चाचणी घेतली असता, २००२ साली ती मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. दर वर्षी दहा हजार स्त्रियांमागे हृदयविकाराच्या ७, पक्षाघाताच्या ८ आणि स्तनाच्या कर्करोगाच्या ८ घटना अधिक घडल्या. मांडीचे हाड मोडण्याच्या ५ कमी. पूर्वीच्या पाहणीत या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक सुस्थितीतील व प्रकृतीस जपणाऱ्या होत्या, हे त्या पाहणीच्या भुलीचे एक कारण. पुढे असेही दिसले की, पाळी गेल्यावर लवकर सुरू करणाऱ्या आणि पुष्कळ वर्षांनी सुरू करणाऱ्या स्त्रियांची स्थिती सारखी नसते. वाहिन्या आधीच खराब झालेल्या असल्यास तोच निरोप तेथे निराळे काम करतो. तेव्हा अंगाची आग, घाम, झोपमोड असह्य झाल्यास या गोळ्यांचा विचार डॉक्टरांसह जरूर करावा. केवळ हृदयाच्या रक्षणासाठी म्हणून त्या घेऊ नयेत.

अवटु ग्रंथीचे संप्रेरक वाढल्यासही हृदयाचे ठोके बेताल होतात. उतारवयात असे ठोके प्रथमच बिघडले तर त्या ग्रंथीची रक्ततपासणी करवून घ्यावी, एवढेच येथे सांगतो.

एक गोष्ट उरली. एकत्र कुटुंबात गोळ्याही एकत्र असतात. सहावा महिना लागलेल्या सूनबाईचा रक्तदाब चढला म्हणून सासूबाईंनी मायेने आपल्यातली ‘सार्टान’ची गोळी पुढे केली, असे आमच्या पाहण्यात आले आहे. सुदैवाने ती मुलगी विचारावयास आली. गर्भाच्या मूत्रपिंडांच्या वाढीला अँजिओटेन्सिनचे तेच दार उघडे असावे लागते. ते बंद झाल्यास गर्भास गंभीर इजा होते. गर्भवती स्त्रीच्या रक्तदाबासाठी निराळी औषधे आहेत. या गोळ्या चालू असलेल्या ज्या मुलीला मूल हवे आहे, तिने तर ते आधीच डॉक्टरांच्या कानावर घालावे.

अध्यक्षमहाराजांनी दिलेली वेळ संपत आली आहे. ज्यांना प्रश्न विचारावयाचे असतील त्यांनी गोळ्यांची पाकिटे सोबत आणली असल्यास ती हाती घेऊन पुढे यावे. “ती पांढरी, लहान, मधे रेघ असलेली गोळी” एवढ्या वर्णनावरून आम्हांस काहीच सांगता येणार नाही.